राजाचा न्यायाधीश कोण?

प्रजाजनाने चोरी केली तर त्यास शासन करावयास राजा आहे. परंतु राजानेच अन्याय केला तर दाद कोणापाशी मागावयाची, हा प्रश्न राज्यसंस्थेइतकाच जुना आहे. आमच्या स्मृतिकारांस तो सुचला नव्हता असे नाही. ज्या अपराधाबद्दल सामान्य माणसास एक कार्षापण दंड होईल त्याच अपराधाबद्दल राजास सहस्रपट दंड व्हावा, असे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे. नियम उदात्त आहे ह्यात शंका नाही. पण तो दंड वसूल कोणी करावयाचा? ह्याचा शोध करीत गेल्यास आपण नवव्या अध्यायातील वरुणापाशी येऊन पोचतो. राजांवरही दंड चालविणारा देव तो वरुण. म्हणून राजाने आपला दंड पाण्यात सोडावा किंवा ब्राह्मणांस द्यावा, अशी टीकाकारांनी वाट दाखविली आहे. म्हणजे दंड ठरविणारा राजा, भरणारा राजा आणि पाण्यात सोडणारा हातही राजाचाच. ज्याच्यावर मूळ अन्याय झाला त्या बिचाऱ्याच्या पदरात ह्यातून काही पडावयाचे नाही.

महाराष्ट्रास ह्या प्रश्नाचे एक वेगळे उत्तर ठाऊक आहे. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रघुनाथरावांनी अधिकार हाती घेतला, तेव्हा ह्या पापास देहान्त प्रायश्चित्तावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही असे रामशास्त्री प्रभुण्यांनी त्यांस तोंडावर सांगितले आणि पुणे सोडले, असे परंपरा सांगते. शास्त्रीबुवांच्या हाती एक शिपाईही नव्हता. निकाल अंमलात आला नाही. तरीदेखील दोनशे पन्नास वर्षे उलटली, तो निकाल लोक विसरलेले नाहीत. अंमलात न आलेल्या ह्या निकालास न्याय म्हणावयाचे की केवळ एका धीट माणसाचा उद्गार, हा प्रश्न मात्र उरतोच. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न एका दूरच्या संस्थेच्या निमित्ताने तपासून पाहावयाचा आहे. ती संस्था म्हणजे फ्रान्सच्या पूर्व सीमेवरील स्ट्रासबुर्ग नगरात असलेली ‘कौन्सिल ऑफ युरोप’. सत्तावीस राष्ट्रांच्या ‘युरोपियन युनियन’शी पुष्कळ लोक तिची गल्लत करतात. तीत आज ४६ राष्ट्रे आहेत. तिच्यापाशी सैन्य नाही, नाणे नाही, जकातीचे ठाणे नाही. आहेत ते केवळ करार, चर्चा आणि एक न्यायालय.

ह्या संस्थेचा जन्म लंडन येथे ५ मे १९४९ रोजी झाला आणि आरंभी तीत दहा राष्ट्रे होती. तिच्या घटनेच्या तिसऱ्या कलमात असे आहे की, प्रत्येक सभासद राष्ट्राने कायद्याचे राज्य मान्य केले पाहिजे आणि आपल्या अधिकाराखालील प्रत्येक माणसास मानवी हक्कांचा उपभोग घेऊ दिला पाहिजे. हे वाक्य त्या काळी कोणाच्याही तोंडी शोभले असते. परंतु ज्यांनी ते लिहिले त्यांच्या डोळ्यांपुढे एक ताजा धडा होता. जर्मनीत ज्यूंचे नागरिकत्व हिरावून घेतले गेले ते दंगलीने नव्हे, तर १९३५ साली न्युरेंबर्ग येथे रीतसर संमत झालेल्या कायद्यांनी. तेथे न्यायाधीश होते, कचेऱ्या होत्या, शिक्के होते. ज्यास आपण देशाचा कायदा म्हणतो तोच अन्यायाचे हत्यार झाला, तर त्या देशातील पीडिताने कोणाकडे पाहावयाचे? ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ४ नोव्हेंबर १९५० रोजी रोम येथे मानवी हक्कांच्या करारावर सह्या झाल्या. तो १९५३ साली अंमलात आला आणि १९५९ साली त्याचे न्यायालय उभे राहिले.

ह्या करारातील विलक्षण गोष्ट हक्कांच्या यादीत नाही. तशा याद्या इतरत्रही आढळतात. विलक्षण गोष्ट ही की, एखाद्या राष्ट्राच्या सामान्य प्रजाजनास आपल्याच सरकारावर परदेशी न्यायाधीशांपुढे फिर्याद करता येईल अशी तजवीज तीत केली गेली. राजे राजांवर फिर्यादी करीत, हे जगाने पाहिले होते. पण तुरुंगातील कैद्याने किंवा हातावर पोट असलेल्या मजुराने पत्र लिहावे आणि त्याच्या सरकारास उत्तर द्यावयास उभे राहावे लागावे, ही कल्पना स्वतः कर्त्यांसही पेलवली नाही. म्हणून प्रजाजनाच्या फिर्यादीचे कलम प्रथम ऐच्छिक ठेवण्यात आले. इंग्लंडने ते १९६६ साली मान्य केले. फ्रान्सने तर मूळ करारासच १९७४ पर्यंत मान्यता दिली नाही आणि हे कलम १९८१ साली स्वीकारले. १९९८ पासून ते सर्वांवर बंधनकारक झाले. आज फिर्यादीस काही शुल्क पडत नाही; मात्र आपल्या देशातील न्यायालयांची पायरी आधी चढून झालेली असावी लागते.

येथे आमच्या वाचकांच्या मनात एक शंका उभी राहील आणि ती रास्त आहे. १९५० साली मानवी हक्कांच्या करारावर सह्या करणाऱ्या ह्या राष्ट्रांपैकी कित्येकांच्या पायांखाली आशिया व आफ्रिकेतील कोट्यवधी माणसे होती. मग हा करार म्हणजे घरातल्या माणसांपुरता धर्म काय? वसाहतींस करार लागू करावा की नाही हे मालक राष्ट्राच्या मर्जीवर सोडणारे कलम त्यात होते आणि केनियासारख्या ठिकाणी आणीबाणी पुकारून हक्क स्थगितही केले गेले. ह्या ढोंगाचे समर्थन करण्याचे कारण नाही. तथापि ढोंगाचीही एक पंचाईत असते: उघड उच्चारलेला नियम पुढे बोलणाऱ्यावरच उलटतो. १९५६ साली ग्रीसने सायप्रस बेटातील कारभाराबद्दल इंग्लंडवर फिर्याद केली. एका राष्ट्राने दुसऱ्यावर केलेली ह्या करारातील ती पहिलीच फिर्याद. आणीबाणीच्या नियमांखाली फटके मारणे, गावेच्या गावे शिक्षेस पात्र ठरविणे, अशी तिची कलमे होती. प्रकरण चालू असतानाच फटक्यांचा नियम मागे घेण्यात आला. वसाहतीच्या कारभाराचा जाब युरोपातील चौकशीपुढे द्यावा लागेल, असे सह्या करणाऱ्या मुत्सद्द्यांच्या स्वप्नातही नसेल.

गोमंतकाच्या वाचकांस आणखी एक गोष्ट स्मरावीशी वाटेल. सालाझारचा पोर्तुगाल १९४९ साली ‘नाटो’ ह्या लष्करी करारात संस्थापक म्हणून बसला. परंतु ह्या परिषदेत त्यास जागा नव्हती. गोवा १९६१ साली मुक्त झाला. खुद्द पोर्तुगालमधील हुकूमशाही १९७४ साली कोसळली आणि १९७६ साली त्यास परिषदेचे दार उघडले. तोफा मोजणाऱ्या सभेस जो चालला तो माणसांचे हक्क मोजणाऱ्या सभेस चालला नाही, एवढा भेद तरी ह्या संस्थेने राखला.

आता दुसऱ्या आणि अधिक कठीण शंकेकडे वळू. दंड नसेल तर मोठा मासा लहान माशास गिळतो, असे शांतिपर्व सांगते. मग हाती दंड नसलेल्या ह्या न्यायालयाचा उपयोग काय? त्याचे काम कसे चालते ते पाहिल्याशिवाय ह्याचे उत्तर देता येणार नाही. न्यायालय निकाल देते आणि बहुधा फिर्यादीस काही रक्कम देवविते. त्या निकालाची अंमलबजावणी झाली की नाही हे पाहण्याचे काम सर्व राष्ट्रांच्या मंत्र्यांच्या समितीकडे असते. तेथे ते प्रकरण पटलावर येते आणि पुरते निपटेपर्यंत पुनःपुन्हा येत राहते. प्रत्येक वेळी त्या राष्ट्राच्या प्रतिनिधीने इतर पंचेचाळीसांच्या देखत उठून सांगावयाचे की, काम अजून का झाले नाही. त्या समितीपाशी ह्याहून मोठे हत्यार सहसा नसते.

हत्यार दुबळे दिसते. पण दोन उदाहरणे पाहावीत. आयरिश समुद्रातील मॅन बेटावर १९७२ साली एका पंधरा वर्षांच्या मुलास शाळेतील मारामारीबद्दल न्यायालयाने शिक्षा फर्मावली. पोलिसचौकीत त्याचे कपडे उतरवून त्यास छडीचे तीन फटके मारण्यात आले. त्याची फिर्याद स्ट्रासबुर्गला पोचली, तेव्हा बेटावरील बहुसंख्य लोकांस ही शिक्षा पसंत आहे, तिच्यामुळे गुन्हे कमी होतात, असा बचाव झाला. १९७८ सालच्या निकालात न्यायालयाने त्यावर जे उत्तर दिले त्याचा आशय मननीय आहे: शिक्षा लोकांस प्रिय आहे एवढ्याने तिच्यातील मानहानी नाहीशी होत नाही, कदाचित तीत मानहानी आहे म्हणूनच ती लोकांस प्रिय असेल. बहुमताने पुष्कळ गोष्टी ठरवाव्यात. पण कोपऱ्यात सापडलेल्या एका मुलाच्या अंगावर कोणी हात टाकावा हे बहुमताने ठरवू नये, हे सांगावयास त्या बेटाबाहेरचाच कोणी लागला. घरच्या न्यायाधीशांस बेटावरच राहावयाचे होते. त्या निकालानंतर तेथे छडी उचलली गेली नाही आणि १९९३ साली ती कायद्यातूनही गेली.

दुसरे उदाहरण रशियातील आहे. चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट १९८६ साली झाल्यावर तेथील साफसफाईस सरकारने ज्यांना बोलावून नेले त्यांच्यापैकी एकाची प्रकृती किरणोत्साराने कायमची बिघडली. देशातील न्यायालयांनी त्यास नुकसानभरपाई मंजूर केली. निकालावर निकाल त्याच्या बाजूने झाले. पण दर वेळी कचेरीतून उत्तर येई की, खजिन्यात पैसा नाही. न्याय कागदावर होता, खिशात नव्हता. २००२ साली स्ट्रासबुर्गच्या न्यायालयाने सांगितले की, पैसा नाही ही सबब सांगून राज्यास आपल्याच न्यायालयाचा हुकूम बाजूस ठेवता येत नाही. रशियाविरुद्ध लागलेला हा पहिलाच निकाल. त्या मनुष्यास त्याचे पैसे मिळाले. मनूने वरुणाच्या पाण्यात सोडावयास सांगितलेला राजदंड येथे प्रथमच ज्याचा होता त्याच्या हातात पडला.

तर मग ह्या निकालांमागे बळ कोणते? आमच्या घरोघरी आई मुलास सांगत आली आहे, “चार लोक काय म्हणतील?” ह्या वाक्याची थट्टा करण्याची चाल पडली आहे आणि त्याच्या नावाखाली जुलूमही पुष्कळ झाले आहेत, परंतु माणसास वाईटापासून परावृत्त करण्याचे जेवढे काम ह्या वाक्याने केले तेवढे फौजदाराने केले नसेल. राष्ट्रासही चार लोक लागतात. मात्र त्यात एक अट आहे. ‘चार लोक’ म्हणजे रस्त्यावरचे कोणीही नव्हेत. ज्यांच्या पंक्तीस बसावयाचे, ज्यांच्याशी सोयरीक करावयाची, ज्यांस आपण आपले मानतो, ते. परक्याच्या निंदेने माणूस उलट चिडतो. लाज वाटते ती आपल्या माणसांची.

ही अट ध्यानात घेतली म्हणजे, हक्कांचा कैवार घेणाऱ्या ह्या परिषदेने संस्कृतीच्या खटपटी का कराव्यात, हे कोडे उलगडते. डिसेंबर १९५४ मध्ये तिने सांस्कृतिक करार केला. त्यात एकमेकांच्या भाषांचा, इतिहासाचा व संस्कृतीचा अभ्यास वाढवावा, असे राष्ट्रांनी कबूल केले. १९५३ पासूनच तिने इतिहासाच्या शिक्षकांस व लेखकांस एकत्र बसवून शाळेतील पुस्तके तपासावयास घेतली होती. ज्या लढाईस एका देशाचे पुस्तक विजय म्हणते तिलाच शेजारचे पुस्तक विश्वासघात म्हणते. आणि दहाव्या वर्षी पाठ केलेला धडा माणूस विसाव्या वर्षी बंदूक खांद्यावर टाकून म्हणून दाखवितो. खुद्द स्ट्रासबुर्ग हे ह्याचे जिवंत उदाहरण आहे. हे नगर १८७१ साली जर्मनीकडे गेले, १९१८ साली फ्रान्सकडे आले, १९४० साली पुन्हा जर्मनांनी घेतले आणि लढाईच्या अखेरीस पुन्हा फ्रेंच झाले. एकाच घरात जन्मास येऊन, न हलता, एखाद्या आजीबाईचे राष्ट्र चार वेळा बदलले असेल आणि प्रत्येक वेळी तिच्या घरातील मुलांस शाळेत नवी भाषा खरी व जुनी खोटी म्हणून शिकविली गेली असेल. परिषदेस बिऱ्हाड करावयास ह्याहून समर्पक स्थळ मिळाले नसते.

अर्थात ह्या खटपटीसही मर्यादा आहे. १९९२ साली परिषदेने लहान व प्रादेशिक भाषांच्या रक्षणासाठी एक सनद तयार केली. फ्रान्सने १९९९ साली तिजवर सही केली. पण आपल्या घटनेशी ती विसंगत आहे असा तेथील घटनापरिषदेचा अभिप्राय पडला आणि सनदेस आजतागायत मान्यता मिळालेली नाही. म्हणजे ज्या गावात बसून ही सनद राबविली जाते त्या गावच्या अल्सेशियन बोलीसच तिची सावली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

परंतु ह्याहूनही गडद अंधार दुसरीकडे आहे. आणि आमच्या मते ह्या विषयातील खरा नैतिक पेच तोच होय. ज्यास लाजच उरली नाही त्याचे काय करावे? गावापाशी अशा वेळी एकच उपाय असे: वाळीत टाकणे. परिषदेपाशीही तोच आहे. १९६७ साली ग्रीसमध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी सत्ता बळकावली. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन व हॉलंड ह्यांनी, आपला काडीचाही स्वार्थ नसता, तिच्याविरुद्ध फिर्याद केली. आणि कैद्यांचा छळ होतो असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. अकरा वर्षांपूर्वी सायप्रसमधील फटक्यांबद्दल फिर्यादी असलेला देश आता स्वतः आरोपी होता. हकालपट्टीचा ठराव येणार असे दिसताच, डिसेंबर १९६९ मध्ये, ग्रीस आपण होऊन बाहेर पडला. १९७४ साली लष्करशाही पडली आणि त्याच वर्षी तो परत आला.

रशियाची गोष्ट इतकी सुखान्त नाही. १९९६ साली त्यास परिषदेत घेतले तेव्हा त्याचे कायदे परिषदेच्या कसोटीस उतरत नाहीत, हे तज्ज्ञांनी आधीच लिहून दिले होते. तरी घेतले, ह्या आशेने की पंक्तीस बसून तो सुधारेल. काही सुधारलेही. फाशीची अंमलबजावणी थांबली. माणसे कोंबलेल्या, पाळीपाळीने झोपावे लागणाऱ्या कोठडीबद्दल दूरच्या मगादानमधील एका कैद्यास २००२ साली न्याय मिळाला. हजारो माणसांनी फिर्यादी केल्या. परंतु फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर सर्वंकष स्वारी केली आणि १६ मार्च २०२२ रोजी परिषदेने त्यास काढून टाकले. सहा महिन्यांनी, १६ सप्टेंबरपासून, रशिया करारातूनही मोकळा झाला.

मोकळा कोण झाला, हे मात्र नीट पाहिले पाहिजे. वाळीत टाकले राज्यास. दार बंद झाले ते प्रजेस. स्वारीचा निर्णय घेणाऱ्यांपैकी कोणी स्ट्रासबुर्गला पत्र लिहिणार नव्हता. पत्र लिहिणार होता तो त्याच स्वारीस विरोध केल्याबद्दल तुरुंगात पडलेला माणूस, आणि आता त्याचे पत्र घेणारा कोणी उरला नाही. आमच्या खेड्यांतही हेच घडत आले: बापाच्या अपराधाबद्दल घर वाळीत पडावयाचे आणि विहिरीवरून रिकामी घागर घेऊन परतावयाची ती घरातील सून. म्हणून कित्येक विचारी माणसांनी त्या वेळी म्हटले की, अपराध्यास न्यायालयातून हाकलणे ही शिक्षा नव्हे, ती सुटका आहे.

हे म्हणणे सहज झटकून टाकता येणार नाही. तरी आमचे मत त्याविरुद्ध पडते. शेजाऱ्याच्या घरास आग लावणाऱ्यास आपल्या पंक्तीस तसेच बसू दिले, तर पंक्तीतील इतरांनी लाज कोणाची बाळगावयाची? परिषदेचे सारे बळ तिच्या सभासदत्वास काही अर्थ आहे ह्या एका समजुतीवर उभे आहे. ती समजूत गेली तर रशियन कैद्याचेच नव्हे, इतर सेहेचाळीस देशांतील कैद्यांचेही पत्र रद्दीत जाईल. हकालपट्टी करणे भाग होते. पण भाग होते म्हणून ते निर्दोष होते असे समजू नये. कर्तव्य करतानाही कोणा निरपराध्याचे नुकसान होते आणि तेवढे ऋण कर्तव्य करणाऱ्याच्या माथी राहते. हे ऋण ज्यास आठवत राहील तोच दाराची कडी आतून काढता येईल अशी ठेवील. ग्रीस पाच वर्षांनी परत आला, तो अशी कडी होती म्हणूनच.

शिवाय दार लागले तरी लेखणी थांबलेली नाही. रशिया करारात असेपर्यंत जे घडले त्याचा न्याय करण्याचा अधिकार न्यायालयाने सोडला नाही. ९ जुलै २०२५ रोजी न्यायालयाच्या सर्वोच्च पीठाने युक्रेनमधील अत्याचारांबद्दल, तसेच २०१४ साली आकाशात पाडल्या गेलेल्या प्रवासी विमानाबद्दल, रशियास जबाबदार धरले. रशियाने निकाल मानला नाही आणि तो मानील अशी अपेक्षाही कोणाची नव्हती. मग तो दिलाच कशाला? येथे आपण पुन्हा रामशास्त्र्यांपाशी येतो. खुनी खुर्चीवर बसला असता त्यास खुनी म्हणणारा निकाल ज्या दिवशी दिला जातो त्या दिवशी तो निष्फळ असतो, हे कबूल. पण तो दिलाच गेला नाही, तर पुढल्या पिढीस खून आणि मसलत ह्यांतील भेद सांगावयास काही उरणार नाही. आणि ज्यांची माणसे त्या विमानातून परत आली नाहीत त्यांस, ‘तुमच्यावर संकट आले’ ह्याऐवजी ‘तुमच्यावर अन्याय झाला, आणि तो अमुक एकाने केला’, असे कोणी अधिकाराने सांगणे ही लहान गोष्ट नाही. ज्यांस असे कोणीच सांगितले नाही त्यांस विचारून पाहावे.

हे सारे वाचून आपल्या उपखंडाकडे दृष्टी गेल्यास नवल नाही. १९८५ साली ढाक्यास ‘सार्क’ ह्या संघटनेची स्थापना झाली. तिच्या सनदेने उभयपक्षी व वादग्रस्त प्रश्न चर्चेतूनच वगळले. २०१४ सालच्या काठमांडूच्या परिषदेनंतर तिचे शिखर-संमेलन भरलेले नाही. ज्या घरात भांडणाचा विषय काढावयाचाच नाही असे ठरते त्या घरात शांतता नांदते असे नाही. माणसे एकमेकांशी बोलेनाशी होतात, इतकेच. आपल्या शेजारी राष्ट्रांच्या पाठ्यपुस्तकांत आपल्याविषयी काय लिहिले आहे आणि आपल्या पुस्तकांत त्यांच्याविषयी काय लिहिले आहे, हे चार शिक्षकांनी एका मेजाभोवती बसून वाचावे, एवढा आरंभदेखील आपल्याकडे व्हावयाचा आहे. न्यायालय ही फार पुढची गोष्ट झाली. राजास न्यायाधीश मिळण्यापूर्वी ‘चार लोक’ मिळावे लागतात, आणि ते एका करारावर सही करून मिळत नाहीत.

मनूचा वरुण पाण्यात राहिला, रामशास्त्री पुणे सोडून गेले. स्ट्रासबुर्गचे न्यायालय त्या दोघांहून थोडे पुढे आले आहे. त्याचे निकाल पुष्कळदा मानले जातात आणि कधी कधी मानले जात नाहीत. ज्या दिवशी ते मानले जात नाहीत त्या दिवशी न्यायाधीश काय करतात, असे कोणी विचारील, तर उत्तर एवढेच की, ते पुढचे पत्र उघडतात.